वाळलं म्हणजे मेलं नव्हे

नागपूर-वर्धा रस्त्यावर, सेलू तालुक्यात केळझर लागतं. विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी एक, टेकडीवरचा सिद्धिविनायक, इथला. गावकरी आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगतात: महाभारतातली एकचक्रानगरी ती हीच, आणि भीमाने बकासुराला मारलं ते इथेच. या मानाचे दावेदार देशात इतरही आहेत, पण तो वाद राहू द्या. बकासुराकडे पाळीपाळीने एकेका घरून गाडाभर अन्न जायचं. आज याच पंचक्रोशीतून अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात, आखातात गेलेल्या लेकरांसाठी जे अन्न जातं, त्याला विमान कंपनीचा काटा आडवा येतो. 23 किलोची एक बॅग, फार तर दोन. त्यामुळे वजनाला हलकं आणि टिकायला पक्कं तेवढंच भरलं जातं. म्हणजे वाळवण: कुरडया, सरगुंडे, शेवया, मुगवड्या, खारोड्या, ताकातल्या मिरच्या, हळद, तिखट, जवसाची चटणी.

नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ इथून तासाभराच्या वाटेवर आहे. शारजा आणि दोह्याची विमानं तिथूनच सुटतात, त्यामुळे बॅग भरण्याचा प्रसंग आता नवलाचा राहिलेला नाही. ती भरताना घरात एकच कसोटी लावली जाते. ओलं नको, कोरडं चालेल. सांडणार नाही, नासणार नाही, वास मारणार नाही, मग अडवतील कशाला? ही कसोटी स्वयंपाकघरात शंभर टक्के खरी आहे. सीमेवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र तिच्याशी फारसं देणंघेणं नसतं. त्याला पदार्थ कोरडा आहे की ओला यापेक्षा तो जिवंत आहे का, हे जाणून घ्यायचं असतं.

हा फरक समजायला वाळवण म्हणजे नेमकं काय घडतं ते बघावं लागेल. कुरडईचंच घ्या. गहू तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदललं जातं. मग वाटून, पिळून, चोथा काढून पांढरा चीक उरतो. तो रात्रभर निवळू द्यायचा, वरचं आंबूस पाणी ओतून द्यायचं, आणि सकाळी ऊन चढायच्या आत उकळत्या मिठाच्या पाण्यात चीक ओतून घोटायचा. गुठळी होऊ न देणं हे सगळं कसब. वाटीभर गरम चीक पोरांच्या वाट्याला जातो, उरलेला सोऱ्यातून खाटेवर अंथरलेल्या जुन्या लुगड्यावर. वर्ध्याचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो आणि एप्रिल-मे मध्ये हवेत दमटपणा नावालाही नसतो. दोन-तीन दिवसांत कुरडई खडखडीत.

अन्नशास्त्र याकडे असं बघतं: पदार्थात एकूण पाणी किती यापेक्षा सूक्ष्मजीवांच्या हाती लागेल असं मोकळं पाणी किती, हे महत्त्वाचं. शुद्ध पाण्यासाठी हे माप 1 धरतात. 0.9 च्या खाली बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते आणि 0.6 च्या खाली बुरशीसकट कोणाचीच वाढ होत नाही. मीठ आणि साखर हेच काम वेगळ्या वाटेने करतात, मोकळं पाणी बांधून ठेवतात. म्हणून लोणचं ओलं असूनही टिकतं.

इथे ‘वाढ थांबते’ असं म्हटलं आहे, ‘मरतात’ असं नाही. वाळवण्याने जीव मरतोच असं नाही, पुष्कळदा तो नुसता थांबतो. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको. ज्या उन्हात आपण पापड घालतो त्याच उन्हात पुढल्या हंगामाचं बियाणंही घालतो, आणि ते उगवावं म्हणूनच घालतो. ओलं बी कुजून मरतं. सुकलेलं बी निपचित पडून राहतं आणि पाऊस पडला की उठतं. तुमच्या बॅगेतल्या किलोभर अख्ख्या हरभऱ्याकडे सीमेवरचा अधिकारी याच नजरेने बघतो. त्याच्या लेखी तो उसळीचा जिन्नस नसून बियाणं असतं. आणि त्या बियाण्यासोबत आणखी कोणी आलंय का, ही त्याची दुसरी शंका.

तो ‘आणखी कोणी’ म्हणजे बहुतेक वेळा खपरा. खपरा भुंगेरा हा आपल्याच भूमीतला, भारतीय उपखंड हेच त्याचं मूळ घर मानतात. मोठा झालेला भुंगेरा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा, तपकिरी, उडता न येणारा. खरं नुकसान करते त्याची केसाळ अळी. ती धान्य खाते, त्याची भुकटी करते आणि टाकलेल्या कातींनी आणि केसांनी उरलेलं धान्य खाण्याच्या लायकीचं ठेवत नाही. पण साऱ्या जगाने तिचा धसका घेतला त्याचं कारण वेगळं आहे. बहुतेक किडींना धान्यात थोडीतरी ओल लागते. खपऱ्याची अळी अवघ्या दोन टक्के पाणी असलेल्या धान्यावरही जगते. तिला 33 ते 37 अंशांची उष्णता मानवते. खायला मिळालं नाही किंवा दिवस वाईट आले, तर ती पोत्याच्या शिवणीत, लाकडाच्या भेगेत, खोक्याच्या घडीत शिरून झोपी जाते, आणि अशी काही वर्षं पडून राहू शकते. धुरी दिली तरी भेगेतली अळी वाचते. थोडक्यात, वाळवण हा जो आपला सगळ्यात भरवशाचा उपाय, तोच या किडीला सगळ्यात सोयीचा.

अमेरिकेने याची किंमत मोजली आहे. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातल्या धान्यगोदामांत खपरा सापडला. त्याला हुसकायला 1966 पर्यंतचा काळ गेला आणि त्या काळातले एक कोटीहून अधिक डॉलर खर्ची पडले. गोदामंच्या गोदामं ताडपत्रीने झाकून आत मिथिल ब्रोमाइडचा विषारी वायू सोडावा लागला. 2020 मध्ये ऑस्ट्रेलियात तो सापडला तो धान्यात नव्हे, फ्रिजच्या पॅकिंगमध्ये. कधीतरी त्याच कंटेनरमधून धान्य गेलं असणार आणि अळी भेगेत राहिली असणार. असा अनुभव गाठीशी असलेला देश पाहुण्याच्या बॅगेतल्या तांदळाच्या पिशवीकडे प्रेमाने बघेल, ही अपेक्षा जरा जास्त आहे.

म्हणून 2011 पासून अमेरिकेने खपऱ्याच्या देशांतून प्रवाशांनी स्वतःसोबत आणलेला तांदूळ बंद केला. पुढे यादीत अख्खा हरभरा, सोयाबीन आणि करडईची भर पडली. वर्धा जिल्ह्याच्या शेतकऱ्याने ही यादी वाचली तर त्याला आपलाच पीकपेरा वाचल्यासारखं वाटेल. ऑस्ट्रेलियाची यादी याहून लांब आहे. 15 ऑक्टोबर 2020 पासून तिथे प्रवाशाच्या सामानात तांदूळ, गहू, तूर, मूग, मसूर, हरभरा, शेंगदाणे, धने, जिरे, बडीशेप, भोपळा-काकडी वर्गातल्या बिया आणि वाळलेल्या मिरच्या आणायला मनाई झाली. सूट आहे ती कारखान्यात उष्णता देऊन प्रक्रिया केलेल्या, बंद पाकिटातल्या मालाला. भिवापुरी मिरचीचा देठासकट वाळवलेला हारा मेलबर्नला न्यायचा विचार असेल तर तो नागपुरातच सोडावा हे बरं.

मला यात सगळ्यात बोलका वाटतो तो घरगुती उपायांचा घोटाळा. तूरडाळीला कीड लागू नये म्हणून आपण एरंडेल चोळतो, बोरिक पावडर लावतो, डब्यात कडुनिंबाचा पाला घालतो. हेतू उत्तम. पण त्या डब्याचं झाकण परदेशी अधिकाऱ्याने उघडलं की त्याला काय दिसतं? कसलीशी पांढरी भुकटी लागलेलं बी, आणि वर कुठल्याशा झाडाची पानं. पाला हा स्वतःच तपासणीचा विषय असतो. कीड नको म्हणून घातलेला पालाच डबा अडकवतो.

याच्या उलट हळद बघा. आपल्याच जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जमिनीतून काढलेलं हळदीचं कांड हे बेणं आहे, मातीत लावलं तर फुटतं. पण बाजारातलं हळकुंड आधी शिजवलेलं असतं, मग वाळवून घासलेलं. शिजवल्यावर त्याची उगवण्याची शक्ती संपली. दोन्ही एकाच झाडाचे भाग, दोन्ही कोरडे दिसू शकतात, पण एक जिवंत आहे आणि दुसरं नाही. हळद पूड करून नेली तर प्रश्नच मिटतो. कुरडईचंही तेच. चीक शिजवलेला आहे, त्यात गव्हाचा अंकुर उरलेला नाही, अळीला लपायला दाणाही नाही. सरगुंडे आणि शेवया म्हणजे दळलेल्या गव्हाची कणीक. मुगवडी शिजवलेली नसली तरी भिजवून वाटलेली आहे, तिच्यातून रोप येणार नाही. म्हणजे जो जिन्नस आपण जास्त मेहनतीने केला, तो सहसा सीमा सोपी ओलांडतो. कष्ट न घेता पिशवीत ओतलेलं धान्य अडकतं.

आंब्याचंही असंच. 1989 ते 2007 अशी अठरा वर्षं अमेरिकेचं दार भारतीय आंब्याला बंद होतं, आणि भीती होती फळमाशीची आणि कोयीत राहणाऱ्या सोंडकिड्याची. दार उघडलं ते आंब्यांवर विकिरणाचा मारा करण्याची सोय झाल्यावर. नाशिक जिल्ह्यातल्या लासलगावच्या ‘कृषक’ केंद्रातून गेलेले आंबे त्या पहिल्या वर्षातले. बॅगेतल्या आमचुराला किंवा आंब्याच्या पोळीला हे सगळं सोसावं लागत नाही, कारण त्यात कोयच नाही.

आता सिद्धिविनायकाच्या प्रसादाची पुडी समोर घ्या. निघताना आई दर्शन घेऊन येते आणि लेकीच्या पर्समध्ये कागदाची एक पुडी सरकवते. मूठभराचाही ऐवज नाही. त्यात चार अक्षता, दोन दूर्वा, खोबऱ्याचा तुकडा, एक पेढा. अक्षता म्हणजे तांदूळ, तो अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात बंद. दूर्वा म्हणजे मुळासकट असेल तर लागवडीला तयार रोप. पेढा म्हणजे दूध, त्याकडे पुढे येऊ. आणि खोबऱ्याला तर पलीकडच्या देशापर्यंत पोचायचीही गरज नाही. ते इथेच, विमानात बसण्याआधी अडतं.

सुक्या खोबऱ्याची बंदी लोकांना सगळ्यात हास्यास्पद वाटते, म्हणून तिच्यावर जरा थांबू. विमानातून नेण्याच्या धोकादायक मालाची एक आंतरराष्ट्रीय यादी आहे. तिच्यात खोबऱ्याला 1363 हा स्वतंत्र क्रमांक आहे आणि त्याचा वर्ग 4.2, म्हणजे आपणहून पेट घेऊ शकणारे पदार्थ. खोबऱ्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल असतं. हवेतला प्राणवायू त्या तेलाशी मिळताना थोडी उष्णता निघते. डब्यातल्या एका वाटीची उष्णता उडून जाते, पण ढिगात आतल्या बाजूची उष्णता अडकते, तापमान वाढतं, तापल्यामुळे क्रिया आणखी वेगाने होते. माल थोडा दमट असेल तर बुरशीची उष्णता त्यात भर घालते. जहाजांच्या तळघरात भरलेलं खोबरं असं तापून पेटण्याचा धोका सागरी व्यापाराला जुना माहीत आहे; विमानाच्या पोटात तो कोणी पत्करत नाही. तुमच्या बॅगेतल्या दोन वाट्यांनी विमान पेटणार नाही हे अधिकाऱ्यालाही कळतं. पण दोनशे प्रवाशांच्या बॅगांतल्या वाट्या मोजत बसण्यापेक्षा सरसकट ‘नाही’ म्हणणं सोपं, आणि भारतीय विमानतळांवर सुकं खोबरं केबिनमध्येही नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही, अशीच पद्धत पडली आहे. अख्ख्या नारळाचं प्रकरण निराळं. तो एरवी केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. 2024 च्या अखेरीस शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ जवळ ठेवण्याची सवलत मिळाली, तीही मुदतीपुरती.

लाल तिखटही हातातल्या पिशवीत ठेवू नये. डोळ्यांत टाकता येणारी वस्तू केबिनमध्ये नको, इतका साधा हिशोब. अमेरिकेला जाणाऱ्या विमानांत जून 2018 पासून 350 मिलिलिटरपेक्षा जास्त कुठलीही पूड हातातल्या सामानात असेल तर जादा तपासणी होते. मसाले चेक-इन बॅगेत टाकले की हा विषय संपला.

एक मसाला मात्र चेक-इन बॅगेतही जीवावर बेतू शकतो. खसखस. सावजी रश्शाला दाटपणा येतो तो तिच्यामुळे, काळ्या मसाल्यातही ती असते, दिवाळीच्या अनारशावरही. खसखस म्हणजे अफूचं बी. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच भागात सरकारी परवान्याने अफूची शेती होते आणि बोंडातलं बी आपल्या किराण्यात येतं. बियांत नशा नाही, पण बोंडाच्या चिकाचा अंश वरून लागलेला असू शकतो आणि त्यात मॉर्फिन असतं. भारतात ती वाण्याकडे मिळते. संयुक्त अरब अमिराती, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये ती बंदी घातलेल्या पदार्थांत मोडते. तिथे प्रकरण जप्तीवर भागत नाही, ते अमली पदार्थांच्या कायद्यात जातं आणि माणूस तुरुंगात. नागपूरहून शारजाला जाणाऱ्या बॅगेत खसखशीची पुडी तर नकोच, खसखस घातलेला घरचा मसालाही नको. बाकी सगळ्या चुकांना दंड आहे, रडारड आहे, फार तर परतीचं विमान आहे. ही एकच चूक अशी आहे की जिच्यासाठी निघण्यापूर्वी डबे पुन्हा एकदा उघडून बघायला हवेत.

दुधाकडे येऊ. ब्रिटन आणि युरोपीय संघ भारतातून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणू देत नाहीत. पेढा, खवा, पनीर, वाळवलेलं मांस सगळं त्यात आलं. कारण आहे लाळ्या-खुरकूत. आपल्याकडे हा रोग गोठ्यागोठ्यात माहीत आहे. जनावर लाळ गाळतं, खूर सुजतात, दूध आटतं, बहुतेक वेळा ते सावरतंही. 2019 पासून केंद्राची मोठी लसीकरण मोहीम त्यासाठी चालू आहे. पण जिथे हा रोग नाही तिथे तो शिरला तर काय होतं हे ब्रिटनने 2001 मध्ये पाहिलं. नॉर्थम्बरलँडमधल्या एका डुक्करपालन केंद्रात जनावरांना उकळून न घेतलेलं खरकटं घातलं गेलं, आणि साथीचं मूळ तिथवर पोचलं. काही महिन्यांत साठ लाखांहून अधिक जनावरं मारून टाकावी लागली. विषाणू उन्हात वाळवल्याने खात्रीने मरतो असं धरून चालता येत नाही, म्हणून नियम कडक. त्यातून भाजलेल्या बिस्किटांना, केकना सवलत आहे. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक तुपातला असला तरी तो बिस्किटाच्याच जातीचा, भट्टीत भाजलेला. पेढ्याऐवजी तो न्यावा. सुकट-बोंबलांना बरेच देश मांसापेक्षा सैल सोडतात, वासाचं मात्र तुमचं तुम्ही आणि शेजारच्या प्रवाशाचं तो बघून घेईल.

कढीपत्त्याच्या बंदीबद्दल विदर्भाच्या माणसाला तरी समजूत पटायला हवी. संत्र्याच्या बागा असलेल्यांना सिट्रस सायला हा बारीक किडा ओळखीचा आहे. तो रस शोषतो आणि ग्रीनिंग नावाचा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कढीपत्ता आणि संत्रं एकाच कुळातले, त्यामुळे हा किडा कढीपत्त्यावरही सुखाने राहतो. अमेरिकेत फ्लोरिडात हा रोग 2005 मध्ये सापडला. 2003-04 च्या हंगामात तिथे सुमारे 24 कोटी पेट्या संत्री निघाली होती; 2023-24 मध्ये दोन कोटीही नाहीत. चक्रीवादळांचाही त्यात वाटा आहे, पण मोठा घाव या रोगाचा. कढीपत्त्याच्या एका डहाळीवरून तिथला अधिकारी इतका का चिडतो, हे नागपुरी संत्रा पिकवणाऱ्याने समजून घ्यायला हरकत नाही. आणि परक्या देशातून आलेलं बी काय करतं हे तर आपण रोज बघतो. गाजर गवत 1950 च्या दशकात पुण्यात नोंदलं गेलं, अमेरिकेतून आलेल्या धान्याबरोबर ते पसरलं असं मानतात, आणि आज आपल्याकडे असा धुरा दाखवा की ज्यावर ते नाही.

एवढं सगळं वाचून कोणी म्हणेल, मग काही न्यायचंच नाही का? न्यायचं, पण सांगून. खसखशीची गोष्ट सोडली तर सीमेवरचा कायदा ज्या एका गोष्टीसाठी दंड करतो ती म्हणजे लपवणं. अर्जावर ‘अन्न आहे’ असं लिहिलं, किंवा विचारल्यावर ‘हो’ म्हटलं, की वाईटात वाईट म्हणजे एखादं पाकीट कचऱ्यात जातं. ‘नाही’ म्हटलं आणि सापडलं, तर अमेरिकेत पहिल्या खेपेलाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. न्यूझीलंडमध्ये जागेवर 400 डॉलर. ऑस्ट्रेलियात दंड तर आहेच, वर 2019 पासून पर्यटकाचा व्हिसा तिथल्या तिथे रद्द करण्याची सोय झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात व्हिएतनामहून आलेल्या एका बाईंना न सांगितलेल्या मांस-अंड्यांपायी सिडनीहून परत पाठवलं गेलं. 2021 पासून शिकायला गेलेल्या मुलांचे व्हिसाही या कक्षेत आले. दोन किलो डाळीसाठी पोराचं शिक्षण पणाला लावणं हा सौदा मला तरी महाग वाटतो, आणि तीच डाळ तिथल्या भारतीय दुकानात मिळते. म्हणून डाळ-तांदूळ नेऊच नये. सरगुंडे, खारोड्या, मुगवड्या, वायगावची हळद, जे तिथे सहसा विकत मिळत नाही त्यासाठी जागा राखावी.

सापडणार नाही या भरवशावर तर राहूच नका. 1984 मध्ये लॉस एंजेलिसच्या विमानतळावर अमेरिकेच्या कृषी खात्याने बीगल जातीचे कुत्रे कामाला लावले. लहान चणीचा, लोंबत्या कानांचा, हिरवं जाकीट घातलेला हा कुत्रा बॅगांमधून हिंडतो आणि फळ, मांस, बियाणं हुंगून शेजारी शांत बसतो. भुंकत नाही. आपल्या आजीला तो लाडात आलाय असं वाटतं.

अमेरिकेच्या अर्जातला एक प्रश्न गावच्या माणसाने नीट वाचायला हवा: तुम्ही शेतात, कुरणात गेला होता का, जनावरं हाताळलीत का? ज्याचं घरच शेतात आहे आणि जो निघायच्या सकाळी गाईला चारा घालून आलाय, तो सवयीने ‘नाही’वर खूण करतो. उत्तर ‘हो’ आहे. ‘हो’ म्हटल्यावर बहुधा चपला-बूट बघतात, तळव्याला काळी माती चिकटली असेल तर धुऊन घेतात आणि सोडतात. बूट आधीच घासून धुतले असतील तर काम आणखी लवकर होतं.

पाकिटं भरताना थोडी अक्कल लावली तर अधिकाऱ्याचं काम सोपं होतं, आणि त्याचं सोपं झालं की तुमचंही. प्रत्येक जिन्नस वेगळ्या पारदर्शक पिशवीत, वर इंग्रजीत चिठ्ठी. कुरडई हे नाव त्याला काहीच सांगत नाही. ड्राइड व्हीट नूडल्स, कुक्ड, एवढं पुरे. मुगवडीवर लेंटिल पेस्ट, ड्राइड. हळदीवर टर्मरिक पावडर. वाळवलेली अंबाडी किंवा हरभऱ्याचा चुरलेला पाला नेऊ नये हेच शहाणपण, कारण चुरलेला पाला कुठला हे डोळ्यांनी ओळखता येत नाही आणि ओळखू न येणारं पान कोणी सोडत नाही. एका पिशवीत चार जिन्नस मिसळू नयेत. अडलं तर हुज्जत घालू नये. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढल्यावर त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची चालू यादी एकदा बघावी. नातेवाइकांच्या ग्रुपवरची ‘आम्ही तर नेलं होतं’ ही साक्ष धरू नये. त्यांच्या वेळी कुत्रा दुसऱ्या पट्ट्यावर असेल.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. अमेरिकेत तपासणी मुक्कामाच्या शहरी होत नाही, देशात पाय ठेवाल त्या पहिल्या विमानतळावर होते. पुढचं विमान असलं तरी बॅगा तिथे उतरवून घ्याव्या लागतात, कस्टम्समधून न्याव्या लागतात आणि पुन्हा द्याव्या लागतात. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांची ही तपासणी मात्र 2014 पासून अबुधाबीतच उरकते. तिकीट काढताना मधला थांबा निदान तीन तासांचा घ्यावा, आणि खाण्याची पिशवी बॅगेत सगळ्यात वर ठेवावी, म्हणजे ती काढायला साड्या उपसाव्या लागणार नाहीत.